झिपूचं रडणं

दुपारची डुलकी लागलेल्या माझ्या सासूबाई दचकून उठल्या, कारण त्यांच्या नाकाखाली कुणीतरी बोट धरलं होतं. डोळे उघडून बघतात तर समोर मुक्ता, माझी मुलगी. पाच वर्षांची. बोट तसंच हवेत धरून उभी.

"काय गं, काय चाललंय?"

"श्वास बघतेय."

"मेले की काय ते बघतेस?" सासूबाई हसत म्हणाल्या.

"हो," मुक्ता म्हणाली. ती हसत नव्हती.

मला सर्दी झाली होती, म्हणून मी त्या दिवशी घरीच होते आणि दारात उभी राहून हे बघत होते. मुक्तानं आजीचा श्वास तपासला, मग खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत बोट खुपसून माती ओली आहे का ते बघितलं, आणि ओली असूनही तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कुंडीखालून वाहत जमिनीवर आलं. मी ओरडले नाही. कारण हे रोजचं झालं होतं.

बालवाडीत जेवणानंतर मुलांना सतरंजीवर आडवं करायचे, तिथूनही तक्रार आली होती. बाईंनी मला बोलावून घेतलं. "तुमची मुक्ता सगळ्यांना हलवून हलवून उठवते हो. विचारलं तर म्हणते, कुणी बघितलं नाही तर मरतात. घरात काही झालंय का?"

घरात काहीही झालेलं नव्हतं. माझा नवरा श्रीपाद कामासाठी भरूचला असायचा, तो फोनवर म्हणाला, "टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल." डॉक्टर म्हणाले, "हे वयच असं असतं, जाईल." पण ते जाईना. मी कामावर निघाले की मुक्ता दाराशी येऊन विचारायची, "आई, मी इथेच थांबू ना? मी गेले नाही तर काही होणार नाही ना?" मी म्हणायचे, अगं, जाणार तर मी आहे. तिला ते पटायचं नाही.

मी तेव्हा नाशकात एका लहानशा कंपनीत काम करत होते. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचा वरचा मजला, एवढीच ती कंपनी. आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो. निदान पहिला तरी बनवत होतो. कंपनी यशोधन केळुसकरची. यशोधन माझ्याच वयाचा, हुशार, बोलण्यात गोड, आणि आपण काहीतरी थोर करतो आहोत यावर त्याचा पक्का विश्वास.

गेमचं नाव 'झिपूची वाट'. खेळणाऱ्याला डोंगरातल्या कपारीत एक अंडं सापडतं आणि त्यातून झिपू बाहेर येतो. डोळ्यांवर झिपऱ्या आलेलं, मांजरापेक्षा मोठं, कुत्र्यापेक्षा लहान, कुठल्याच जातीचं नसलेलं पिल्लू. त्याला भरवायचं, शिकवायचं, लढायला तयार करायचं, आणि तो मोठा होईल तसं त्याला घेऊन डोंगरापलीकडच्या अंधारात बुडालेल्या गावांकडे निघायचं. तुम्ही त्याला जसं वाढवाल तसा तो होणार. सारखा दम दिलात तर भित्रा, नुसते लाड केलेत तर आगाऊ. झिपूची हालचाल माझ्याकडे होती. तो कान कसे पाडेल, जांभई देताना जीभ किती बाहेर काढेल, पळताना मागचे पाय कसे घसरतील, ते सगळं माझ्या हातचं.

आणि त्याचा आवाज मुक्ताचा होता.

ते आपोआपच जमून आलं. सुट्टीच्या दिवशी मी तिला ऑफिसात नेलं होतं. पडद्यावर झिपू बघून ती त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायला लागली. 'मूफ, फिफी, अँव' असलं काहीतरी. आवाजाचं काम बघणारा इलियास बाजूलाच होता. तो म्हणाला, "ताई, आपण कुठे कुठे शोधत होतो. हाच की आवाज!" मी आनंदानं परवानगी दिली, सही केली. मग मुक्ता अधूनमधून दुपारी यायची. भिंतींना गाद्या लावलेल्या त्या छोट्या खोलीत बसून भुकेचा आवाज, आनंदाचा आवाज, शिंकेचा आवाज द्यायची. झिपू त्या माइकमध्ये राहतो अशी तिची समजूत होती. निघताना ती माइकपुढे एक बिस्किट ठेवायची. इलियास ते खाऊन टाकायचा आणि पुढच्या वेळी तिला सांगायचा, "झिपूनं सगळं संपवलं बरं का."

एके दिवशी ती म्हणाली, "मला नाही जायचं तिकडे." मला वाटलं, कंटाळली. मी घरच्या लॅपटॉपवर तिला झिपूचं नवं पळणं दाखवलं, तर तिनं तोंड फिरवलं. "हा दुसरा आहे," म्हणाली. मी म्हटलं, मोठी झाली बहुतेक.

मग आला दस्तूर मॅडमचा दिवस. त्यांची मुंबईची मोठी कंपनी आमचा गेम बाजारात आणणार होती आणि दुपारी त्या स्वतः बघायला येणार होत्या. सकाळी आम्ही सगळे मोठ्या पडद्यासमोर जमलो. खेळून दाखवायचं काम माझ्याकडे, कारण झिपूला माझ्याइतकं कुणी चालवू शकत नव्हतं. यशोधन म्हणाला, "गुहेचा प्रसंग लाव. त्यात काल एक नवीन गोष्ट टाकलीय. कुणी ऐकलेली नाही."

गुहेच्या प्रसंगात झिपूला एकट्याला मागे ठेवून पुढे जावं लागतं. मी पुढे निघाले. मागून झिपू रडला.

 आमच्यातली एक मुलगी डोळे पुसायला लागली. यशोधन हळूच म्हणाला, "बघितलंत? खेळ बंद करून उठायची कुणाची हिंमत होणार नाही. झिपूला सोडून जायला निघालं की हे ऐकू येणार. माणूस परत येणारच."

माझ्या हातातलं गेम खेळायचं यंत्र खाली पडलं.

मुक्ताचं खोटं रडणं मला माहीत आहे. ते लगेच सुरू होतं, 'ऊंऊं' करून, आणि मधेच एक डोळा उघडून ती आपल्याकडे बघते. खरं रडताना मात्र ती आधी गप्प होते. तोंड उघडं, आवाज नाही, श्वास कुठेतरी आत अडकलेला, आणि मग एकदम सगळं बाहेर येतं. पडद्यावरचा झिपू आधी गप्प झाला होता. इलियासनं त्या आवाजाची पट्टी वर चढवली होती, घुमारा घातला होता, पण ती आतली शांतता तशीच होती. ते माझ्या मुलीचं खरं रडणं होतं. आणि ती या इमारतीत कधीही रडल्याचं मला माहीत नव्हतं.

मी सरळ इलियासच्या खोलीत गेले.

"मूळ रेकॉर्डिंग लाव."

"कुठलं, ताई?"

"तुला माहितीये कुठलं."

तो माझ्याकडे बघेना. "ताई, सर म्हणाले होते की तुम्हाला विचारलंय."

"लाव, इलियास."

त्यानं लावलं. आधी मुक्ताचा आवाज, खोटं खोटं रडणारा. मग यशोधनचा. तोच गोड, समजुतीचा आवाज.

"मुक्ता, थांब हं. तुला एक गोष्ट सांगायची होती. तू मागच्या आठवड्यात आलीच नाहीस ना?"

"मला ताप होता."

"हो का? पण मग झिपूला कुणीच खायला दिलं नाही. तो वाट बघत होता तुझी. दारापाशी बसला होता. आणि मग मेला. तू आली नाहीस ना, म्हणून."

मग ती शांतता. मग ते रडणं. यशोधन ते पूर्ण होऊ देत होता. मधे एकदा त्यानं इलियासला हळूच म्हटलेलंही ऐकू आलं, "चालू ठेव, चालू ठेव." शेवटी कागद फाडल्याचा आवाज. चॉकलेट. "शाब्बास. आता आईला नाही हं सांगायचं. आईनं बनवला होता ना झिपू? तिला किती वाईट वाटेल."

मी खुर्चीवर बसले. मला आजीच्या नाकाखालचं ते बोट दिसत होतं. बालवाडीत सतरंजीवर झोपलेल्या मुलांना एकेक करून हलवणारी माझी मुलगी दिसत होती. तिनं एक जीव मारला होता. निदान तिला तसं वाटत होतं. आणि ते पोटात ठेवून, कुणाला न सांगता, ती उरलेल्या जगाची राखण करत फिरत होती. मला वाईट वाटू नये म्हणून.

"मी तेव्हाच थांबवायला हवं होतं," इलियास म्हणाला.

"हवंच होतं," मी म्हटलं. त्या वेळी त्याची समजूत घालायला माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं.

यशोधन जिन्यात भेटला. मी त्याची वाट अडवली.

"तू माझ्या मुलीला काय सांगितलंस?"

त्याला लगेच कळलं. ओशाळला वगैरे नाही. "अगं, ते! हेमांगी, ऐक. लहान मुलं नाटकी रडतात, ते कानाला लगेच कळतं. इलाज नव्हता. आणि दोन मिनिटांत चॉकलेट खात होती ती."

"ती तेव्हापासून माणसांचे श्वास तपासत फिरतेय."

"मुलं काय, विसरतात. तुला तरी आठवतंय का तू पाच वर्षांची असताना कोण काय म्हणालं होतं?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज नको. दस्तूर मॅडम निघाल्यात. एवढ्या लोकांच्या कष्टांचा प्रश्न आहे. उद्या तू म्हणशील ते बोलू."

मी त्याचा हात काढून टाकला आणि वर गेले.

दस्तूर मॅडम आल्या. साठीच्या, पांढरे कापलेले केस, नेमकं बोलणाऱ्या. मी खेळून दाखवलं. अंडं, झिपूचा जन्म, पहिली लढाई. त्या मनापासून हसल्या. मग यशोधन म्हणाला, "आता गुहा." मी झिपूला गुहेत सोडलं आणि निघाले. तो रडला.

"बाप रे," दस्तूर मॅडम म्हणाल्या. "हे कसं केलं तुम्ही?"

"सांगते," मी म्हटलं. "इलियास, मूळ रेकॉर्डिंग लाव."

"हेमांगी," यशोधन म्हणाला.

इलियासनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लावलं. मोठ्या स्पीकरवर. सगळ्यांसमोर. सकाळी डोळे पुसणारी मुलगी आता खाली बघत होती. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा पडद्यावरचा झिपू अजून गुहेच्या तोंडाशी बसलेला होता, मी बसवला होता तसा, कान पाडून.

"ही माझी मुलगी," मी म्हटलं.

मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल, काहीतरी म्हणेल. दस्तूर मॅडमनी चष्मा काढला, पुसला.

"परवानगी आहे ना लेखी?" त्यांनी विचारलं.

"आहे," यशोधन चटकन म्हणाला. "हेमांगीचीच सही आहे."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी ओरडले असेन, कारण खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक जिन्यात येऊन उभे राहिले. "मी तिच्या आवाजाची परवानगी दिली होती! तिनं एक जीव मारला असं तिला सांगायची नाही!"

"तो आवाज काढून टाका," दस्तूर मॅडम शांतपणे म्हणाल्या. "विषय संपला. पुढे दाखवा."

"संपला नाही. यानं आमच्या घरी यायचं आणि तिला सांगायचं, मी खोटं बोललो म्हणून. त्याशिवाय मी या गेमला हात लावणार नाही." मी ते हातातलं यंत्र टेबलावर ठेवलं.

यशोधन हसला. खरंच हसला. "आवाज काढतो म्हटलं ना. तुला पगार वाढवून हवाय का? तुझं नाव पहिलं टाकू का? पाच वर्षांच्या मुलीची माफी मागायला जाऊ मी? काहीतरीच काय!"

तेव्हा मला कळलं की हा माणूस बाकी सगळं द्यायला तयार आहे, एवढं एक सोडून. मी पर्स उचलली.

दस्तूर मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "जाऊन ये ना, यशोधन. दहा मिनिटांचं तर काम आहे. मला संध्याकाळी परत निघायचंय."

त्यांच्यासाठी ती खरोखर तेवढीच गोष्ट होती. पण त्यांनी सांगितलं म्हणून तो आला. माझ्या सांगण्यावरून आला नाही, हे मी आजपर्यंत विसरलेले नाही.

वाटेत थांबून त्यानं चॉकलेटचा मोठा डबा घेतला. आमच्या सोफ्याच्या काठावर बसला. सासूबाईंना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी पाणी आणलं, साहेब घरी आले म्हणून पदर सावरला. मुक्ता माझ्यामागे उभी राहून माझी ओढणी धरून होती.

"मुक्ता," यशोधन हसत म्हणाला, "काकांनी ना, तुझी गंमत केली होती. झिपू मेलाबिला नाहीये काही."

मुक्तानं माझ्यामागून डोकं बाहेर काढलं. "जिवंत होता?"

"हो! एकदम मजेत!"

"मग मी त्याला बिस्किट नाही दिलं," ती म्हणाली. "इतके दिवस." आणि तिचं तोंड उघडलं, श्वास अडकला. ती शांतता सुरू झाली.

मी तिला घट्ट धरलं आणि यशोधनकडे बघून म्हटलं, "नीट सांग."

"आता अजून काय सांगू?"

"का खोटं बोललास ते सांग."

त्याचं हसू गेलं. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. "आम्हाला ना, गेमसाठी रडण्याचा आवाज हवा होता. खऱ्या रडण्याचा. म्हणून मी तसं सांगितलं."

मुक्तानं श्वास सोडला. रडली नाही. "मला रडवायला?"

"...हो."

"झिपूला काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"मी आले नाही म्हणून काही नाही झालं?"

"नाही."

"खोटं सांगितलं?"

"हो. खोटं."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी तिचे कान लाल झाले, मग मान, मग गाल. तिनं माझी ओढणी सोडली, दोन्ही मुठी आवळल्या आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मग मागायचं ना!" ती किंचाळली. "मी दिलं असतं! मी पडले की रडते, तेव्हा घ्यायचं! तुम्ही वाईट आहात! तुम्ही खोटारडे आहात!"

"मुक्ता!" सासूबाई पुढे झाल्या. "मोठ्या माणसांना असं बोलायचं—"

"बोलू द्या तिला, आई," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे, पण त्या थांबल्या. मुक्ता बोलत राहिली. तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या तिनं दिल्या, म्हणजे शेंबडे, माकड, घाणेरडे, आणि त्या संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून दिल्या. "माझ्या पोटात दुखायचं रोज!" मधेच म्हणाली. मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. यशोधन डबा सोफ्यावर ठेवून उठला, दाराशी चपला शोधायला लागला, आणि ती त्याच्या मागे मागे दारापर्यंत गेली, जिन्याच्या कठड्यावरून ओरडली, "पुन्हा येऊ नका!"

शेजारची दोन दारं उघडली. मी कुणाला काही समजावत बसले नाही. मी दाराला टेकून उभी होते आणि रडत होते. इतके महिने माझं पोर स्वतःला दोष देत होतं. आता तो ज्याचा होता त्याला देत होतं.

बाकीचं थोडक्यात सांगते. मी ती नोकरी त्याच आठवड्यात सोडली. गेम आला, बरा चालला. त्यातलं रडणं त्यांनी काढलं होतं, तेवढा शब्द पाळला. इलियास पुढे पुण्याला गेला, कधीमधी फोन करतो. यशोधन कुठे कुठे भाषणं देतो असं ऐकते, गेम माणसाला जीव लावायला कसं शिकवतात या विषयावर.

मुक्ताचं बोट आजीच्या नाकाखाली जायचं लगेच थांबलं नाही. पण आता ती विचारायची, "आई, तो माणूस खोटंच बोलला होता ना?" आणि मी हो म्हटलं की पाय आपटून निघून जायची. हळूहळू विचारायचंही बंद झालं.

आता ती कॉलेजात आहे. परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वर आले होते. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मुक्तानं त्यांना काहीतरी सुनावलं होतं, वॉचमनवर घातलेल्या आळावरून. "वहिनी, हुशार आहे पोरगी, पण मोठ्यांशी कसं बोलावं याचं वळण नाही तिला," ते म्हणाले. "लहानपणीच लावायला हवं होतं."

मी त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला, साखर पुरेशी आहे का विचारलं. वळणाचं मात्र मी काही बोलले नाही.